मुलांचा खेळ आणि पालकांचा गाफीलपणा

गेल्या रमजानमध्ये एका रात्री तरावीहची नमाज आटोपल्यानंतर एक गृहस्थ मशिदीत मागे रेंगाळले. ते आखाती देशात नोकरी करतात आणि ईदसाठी सुट्टी घेऊन कोकणातील आपल्या गावी आले होते. सहा वर्षांच्या मुलाला ईदी म्हणून हातात धरून खेळण्याचा व्हिडिओ गेम देण्याचा शब्द त्यांनी फोनवरून देऊन ठेवला होता. ते म्हणाले, "मौलाना, मुलाला गेम घेऊन देणं जायज आहे का? मेहुणा म्हणतो, एवढा खर्च कशाला करता, जुना मोबाइल द्या, त्यात सगळेच गेम असतात. अब्बा म्हणतात, ही बला घरात आणूच नकोस. मी काय करू?"

मी घाईत होतो. जुगार नसावा, नमाज चुकू नये आणि वेळेला मर्यादा असावी, एवढे सांगून मोकळा झालो. त्यांनी मान डोलावली, सलाम केला आणि ते निघून गेले. उत्तर चुकीचे नव्हते, परंतु ते अपुरे होते. त्या पित्याचा प्रश्न निवडीचा होता आणि मी त्याच्या हाती मनाईची यादी ठेवली होती. आज अनेक घरांत हाच प्रश्न विचारला जात आहे. म्हणून ते राहिलेले उत्तर येथे सविस्तर मांडत आहे.

प्रथम मूळ तत्त्व लक्षात घेऊ. फिकहशास्त्राचा एक सर्वपरिचित नियम असा की, ऐहिक वस्तूंच्या बाबतीत मूळ हुकूम अनुमतीचा असतो. एखादी वस्तू निषिद्ध ठरवायची असेल तर त्यासाठी पुरावा लागतो. एखादे यंत्र नवे आहे, परदेशी आहे किंवा आपल्या लहानपणी नव्हते, एवढ्या कारणाने ते हराम ठरत नाही. मात्र मुबाह वस्तू रिकाम्या भांड्यासारखी असते. तिच्यात काय भरले जाते आणि ती कोणत्या हेतूने वापरली जाते, यावर तिचा निवाडा होतो.

मुलांच्या खेळाविषयी तर आपल्या दीनची शिकवण अत्यंत कोमल आहे. ह. अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याचा पाळीव पक्षी मेला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या लहानग्याजवळ जाऊन पक्ष्याची विचारपूस केली. लाडका नातू सजद्यात पाठीवर चढून बसला, तेव्हा आपण (स.) सजदा लांबविला, त्याची हौस पुरी होण्याआधी त्याला घाईने उतरविणे आपणांस आवडले नाही. इमाम गज़ाली (रह.) यांनी 'इहया उलूमिद्दीन' या ग्रंथात मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना मकतबमधून परतलेल्या मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा असे सांगितले आहे, खेळ बंद करून सतत शिकण्याची सक्ती केल्यास मुलाचे मन मरून जाते, असा इशाराही दिला आहे. तेव्हा मुलाच्या खेळाकडे केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या गोष्टींचा अवश्य विचार करावा.

मग काळजी कशाची करायची? याचे उत्तर शोधताना मला सूरह यूसुफमधील एक प्रसंग वारंवार आठवतो. ह. यूसुफ (अ.) यांच्या भावांनी वडिलांकडे जी मागणी केली, ती खेळाच्याच नावाने केली. उद्या त्याला आमच्याबरोबर पाठवावे, म्हणजे त्याला खाता-खेळता येईल, असे ते म्हणाले. ह. याकूब (अ.) हे अल्लाहचे प्रेषित होते. त्यांनी खेळाला नावे ठेवली नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी बोलून दाखविल्या: मुलाच्या दुराव्याचे दुःख, आणि तुम्ही गाफील असताना लांडगा त्याला खाईल ही भीती. पुढे भावांनी रात्री रडत येऊन जी सबब सांगितली तीही पाहण्यासारखी आहे. आम्ही शर्यतीत गुंतलो, यूसुफला आमच्या सामानापाशी सोडले आणि लांडग्याने त्याला खाल्ले, असे त्यांनी सांगितले. ती सबब खोटी होती. परंतु खोटे बोलणारा माणूसही शक्य वाटेल अशीच गोष्ट रचतो. मोठी माणसे आपापल्या शर्यतीत गुंततात, मूल सामानापाशी एकटे राहते आणि मग त्याचा घात होतो, ही गोष्ट त्या काळीही सहज पटण्याजोगी होती.

वाचक बंधूभगिनींनो, हे चित्र आपल्या घरांत कितीदा दिसते! वडील आपल्या उद्योगात, आई स्वयंपाकात, थोरली भावंडे आपापल्या मोबाइलमध्ये आणि लहान मूल एका कोपऱ्यात उजळलेल्या पडद्यापाशी. ते रडत नाही, काही मागत नाही, म्हणून आपण समाधानी असतो. म्हणून गेम निवडताना यंत्राच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी मुलाला खेळ देत आहे, की त्याच्याकडून माझ्यासाठी शांतता विकत घेत आहे? थकलेल्या आईने अर्धा तास विसावा शोधला तर त्यात गुन्हा नाही. परंतु तो विसावाच नेम झाला की मूल सामानापाशी सोडलेले असते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. हातात मावणाऱ्या या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' नावाचे छोटे यंत्र बाजारात आणले. त्याचे रचनाकार गुनपेई योकोई यांना ही कल्पना आगगाडीत कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेल्या एका नोकरदाराला पाहून सुचली, असे सांगितले जाते. त्याच कंपनीचा १९८९ चा 'गेम बॉय' जगभर पोहोचला. आपल्याकडच्या जत्रांत आणि बाजारांत 'ब्रिक गेम' या नावाने विटा रचण्याचा जो खेळ मिळत असे, तो आजच्या अनेक पालकांनी लहानपणी खेळलेला असेल. त्या खेळांचा एक गुण तेव्हा आपल्या ध्यानात आला नाही, तो असा की ते आटोपशीर होते. खेळ हरला की संपला. यंत्राला बाहेरच्या जगाशी बोलता येत नव्हते आणि एकदा किंमत दिल्यावर ते आणखी पैसे मागत नव्हते.

आजच्या मोबाइलमधील पुष्कळ गेम याच्या नेमके उलट आहेत. ते फुकट मिळतात, म्हणून मेहुण्याचा सल्ला काटकसरीचा वाटतो. परंतु जो खेळ फुकट मिळतो, त्याची कमाई खेळणाऱ्याने थांबू नये यावर अवलंबून असते. रोज हजेरी लावल्यास बक्षीस, न आल्यास नुकसान, मध्येच जाहिरात आणि पुढे जायचे तर खरेदी, अशी त्याची रचना असते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'फोर्टनाइट' या प्रसिद्ध गेमच्या कंपनीवर, खेळणाऱ्यांकडून नकळत खरेदी करवून घेणारी रचना वापरल्याचा आरोप ठेवला. त्या प्रकरणी ग्राहकांना परत करण्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्यास कंपनी तयार झाली. जेथे मोठ्यांचीही फसगत होते, तेथे सहा वर्षांच्या मुलाने सावध राहावे अशी अपेक्षा आपण कशी ठेवणार?

याहून गंभीर बाब जुगाराची आहे. अनेक गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी घ्यायची असते. तिच्यातून काय निघेल हे नशिबावर असते. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने काही गाजलेल्या गेममधील अशा पेट्या तेथील जुगारविषयक कायद्याच्या कक्षेत येतात, असा निष्कर्ष काढला. एका युरोपीय देशाला जे दिसले, ते सूरह माइदा वाचणाऱ्या घराला दिसू नये काय? तेथे जुगाराच्या मनाईबरोबर तिचे कारणही सांगितले आहे: शैतान त्याद्वारे माणसांत वैर पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो. पैसे खरे नसून खेळातील नाणी असली, तरी मुलाच्या मनाला वळण तेच लागते. बंद पेटीसमोर श्वास रोखून बसण्याची गोडी एकदा लागली की पुढे तिला खऱ्या पैशांचा रस्ता सापडतो. फिकहमध्ये ज्याला सद्दे-जराए, म्हणजे वाईटाकडे नेणारी वाट आधीच बंद करणे म्हणतात, त्याची येथे गरज आहे.

या दृष्टीने पाहता, द्यायचेच असेल तर लहान मुलाला मोबाइल देण्यापेक्षा स्वतंत्र गेमचे यंत्र देणे बरे, असे माझे मत झाले आहे. उदाहरणार्थ, निन्टेंडोचे २०१९ मध्ये आलेले 'स्विच लाइट' घ्या. यात खेळाचे छोटे कार्ड विकत घेऊन बसवता येते आणि बहुतेक खेळ इंटरनेटशिवाय चालतात. पालकांना आपल्या फोनवरून रोजची वेळ ठरवता येते, खरेदीवर बंधन घालता येते आणि मुलाने काय खेळले तेही पाहता येते. ती कार्डे मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून त्यांना कडू द्रव्याचा लेप दिलेला असतो. कारखानदाराने मुलाच्या जिभेची एवढी काळजी घेतली असेल, तर त्याच्या मनाची काळजी घेणे आपले काम आहे. मी कोणत्याही कंपनीची शिफारस करीत नाही. कसोट्या सांगत आहे. खेळ संपणारा असावा, इंटरनेटशिवाय चालणारा असावा, एकदाच पैसे मागणारा असावा आणि कुलपाची किल्ली पालकाच्या हाती असावी.

खेळाचा विषयही पाहावा. युरोपात २००३ पासून 'पेगी' नावाची वर्गवारी आहे. वेष्टनावर ३, ७, १२, १६ किंवा १८ हा आकडा छापलेला असतो. हा आकडा आशय कोणत्या वयाला योग्य हे सांगतो. खेळ सोपा की अवघड हे सांगत नाही. त्यामुळे ३ आकडा असलेला खेळही वाचता न येणाऱ्या मुलाला कळणार नाही, असे होऊ शकते. बहुतेक खेळांत मराठी किंवा उर्दू नसते, हेही ध्यानात ठेवावे. रक्तपात, निर्लज्जता आणि शिर्कला खेळाचे रूप देणारी दृश्ये कोणताही आकडा आपल्यासाठी गाळून देणार नाही. ती पालकानेच आधी खेळून पाहावीत. सजीवांच्या चित्रांबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत आणि पडद्यावरील चित्रांबाबत ते अधिक आहेत. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून निर्णय घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपण सहसा विचारातच घेत नाही. बाजारात शेकडो गेम भरलेली स्वस्त यंत्रे मिळतात. त्यांतील पुष्कळ खेळ मूळ निर्मात्याच्या परवानगीविना उतरवलेले असतात. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये लेखन, शोध आणि व्यापारचिन्ह यांवरील हक्क शरीअतनुसार संरक्षित आहेत व त्यांचे उल्लंघन जायज नाही, असा ठराव केला आहे. मुलाला अमानतदारीचे धडे देताना त्याच्या हातातील खेळणे कोणाचा तरी हक्क बुडवून आलेले असावे, हे शोभत नाही. दुसऱ्या टोकाला इसराफ आहे. यंत्राची किंमत अनेक हजारांच्या घरात जाते आणि प्रत्येक कार्डाचे वेगळे पैसे पडतात. घरावर कर्ज असताना, किंवा शेजारच्या मुलांनी पाहावे म्हणून, एवढा खर्च करणे योग्य नव्हे. हे परवडत नसेल तर मुलाचे काही बिघडत नाही. चेंडू, पतंग, विटीदांडू आणि वडिलांची पाठ ही खेळणी अजून जुनी झालेली नाहीत.

वयाचा विचार तर टाळताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, २ ते ४ वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, आणि कमी असेल तितके चांगले. त्याहून लहान बाळाच्या हाती तर पडदा देऊच नये. आपल्यासाठी आणखी एक टप्पा महत्त्वाचा आहे. प्रेषित (स.) यांनी मुले सात वर्षांची झाली की त्यांना नमाजची ताकीद द्यावी असे शिकविले आहे. ज्या पित्याने मला प्रश्न विचारला त्याचा मुलगा सहा वर्षांचा होता. म्हणजे हातातील गोड गोष्ट बाजूला ठेवून अजानच्या हाकेला उठण्याची तयारी करण्याचे हेच वर्ष. ज्या मुलाला "बस" म्हटल्यावर थांबण्याची सवय सहाव्या वर्षी लागली, त्याला सातव्या वर्षी मुसल्यावर उभे राहणे जड जाणार नाही. म्हणून असरनंतर ठराविक वेळ, सर्वांच्या समोर बैठकीच्या खोलीत, आणि मगरिबच्या अजानआधी यंत्र आईच्या कपाटात, असा साधा नेम करता येईल. थांबायच्या पाच मिनिटे आधी मुलाला कल्पना द्यावी, आपला नातू उतरेपर्यंत सजदा लांबविणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण उम्मती आहोत.

तीन चुका मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पहिली चूक खोट्या आश्वासनाची. एका आईने मुलाला काही देण्याचे आमिष दाखवून जवळ बोलावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला काय देणार आहेस असे विचारले. तिने खजूर देणार असल्याचे सांगितले. काही दिले नसते तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, अशी समज आपण (स.) तिला दिली. "उद्या देतो" म्हणून मुलाला गप्प करणारे आपण ही हदीस विसरतो. दुसरी चूक भेदभावाची. ह. बशीर (रजि.) यांनी नुअमान या आपल्या एका मुलास भेट दिली आणि तिचे साक्षीदार व्हावे अशी विनंती प्रेषितांना (स.) केली. सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे आपण विचारले आणि उत्तर नकारार्थी येताच साक्षीदार होण्यास नकार दिला. भावासाठी गेम आला आणि बहिणीने तो फक्त पाहायचा, असे ज्या घरात होते तेथे त्या भेटीला कोण साक्षीदार राहील? तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. "एक पारा पूर्ण कर, मग गेम देतो," असे आपण सहज म्हणतो. हेतू चांगला असतो. परंतु मुलाच्या मनात हिशेब उमटतो की कुरआन ही द्यायची किंमत आणि गेम हे मिळणारे सुख. बक्षीस अवश्य द्यावे, पण अल्लाहच्या कलामला कुठल्याही खेळण्याच्या पायरीवर बसवू नये.

आता त्या पित्याच्या प्रश्नाकडे परत येतो. अब्बांचे म्हणणे त्यांच्या प्रेमातून आलेले आहे, त्यांना उलट उत्तर न देता हे सारे समजावून सांगावे. मेहुण्याच्या सल्ल्यात पैसे वाचतात, पण मूल अधिक धोक्यात जाते. शब्द दिलेला आहे, तर तो पाळावा. वर सांगितलेल्या कसोट्यांना उतरेल असे यंत्र घ्यावे आणि मुलीच्याही हाती तेवढ्याच प्रेमाने तिच्या आवडीची वस्तू ठेवावी. एवढे केल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो सर्वांत अवघड आहे. सुट्टी संपल्यावर पिता परत जाणार. मग त्या मुलाशेजारी कोण बसणार?

याचे उत्तर मला ह. आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांच्या प्रसंगात दिसते. वाऱ्याने पडदा हलला आणि प्रेषितांना (स.) त्यांच्या बाहुल्या दिसल्या, त्यांत कापडाच्या तुकड्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. आपण (स.) मोहिमेवरून परतला होता. तरी हे काय आहे, त्याच्या अंगावर हे काय आहे, घोड्याला पंख असतात का, असे एकामागून एक प्रश्न आपण विचारले. ह. सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही काय, असे ह. आयेशा (रजि.) यांनी विचारताच आपण (स.) अगदी दाढा दिसेपर्यंत हसलात. मुलांच्या खेळण्यांना सवलत आहे, हा हुकूम फकीहांनी या हदीसवरून काढला. आपण पालकांनी तिच्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. ज्यांच्या खांद्यावर संपूर्ण उम्मतचा भार होता, त्यांनी खेळण्याजवळ थांबून विचारपूस केली आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतले.

गाफीलपणाची उलट बाजू ती हीच. हजारो मैल दूर असलेल्या पित्यालाही हे करता येते. घरी फोन केल्यावर अभ्यास केलास का, नमाज पढलास का, एवढे विचारून फोन आईकडे देऊ नये. आज गेममध्ये काय झाले, तो पडद्यावरचा गडी कोण, तो पुढे का जाऊ शकला नाही, हेही विचारावे आणि मूल अडखळत सांगेल ते सगळे ऐकावे. आजोबांनी चष्मा लावून शेजारी बसावे. आईने कधी तरी स्वतः हरून दाखवावे. जो खेळ मुलाला आपल्याशी बोलायला लावतो, तो त्याच्यासाठी चांगला. ज्या खेळामुळे ते आपल्याशी बोलेनासे होते, तो कितीही शैक्षणिक म्हणून विकला जात असला तरी परत कपाटात ठेवावा.

आपणांपैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी विचारले जाणार आहे. त्या दिवशी यंत्र कोणत्या कंपनीचे होते हे विचारले जाणार नाही. मूल खेळत होते तेव्हा तुम्ही कोठे होता, याचे उत्तर मात्र द्यावे लागेल. अल्लाह आपल्या मुलांना निरोगी मन आणि निर्मळ आनंद देवो, आणि आपणा पालकांना गाफीलपणापासून वाचवो. आमीन.